गाणं तुमचं, पण मिक्स कुणाचं? विली नेल्सनच्या निमित्तानं

प्रश्न थोडक्यात असा: स्वतः गाणी लिहून, चाली लावून, गिटारवर गाणाऱ्या एका मुलाला एका कंपनीनं चार गाण्यांचा करार देऊ केला आहे. अमेरिकन कंट्री गायक-गीतकार विली नेल्सन त्याचं दैवत. त्यानं वाचलं आहे की विलीला स्टुडिओत 'पूर्ण मोकळीक' होती. ती त्याला मिळाली कशी, आणि आज कुणी ती मागू शकतं का, असं त्याला विचारायचं आहे.

मी सत्तावीस वर्षं साउंड रेकॉर्डिस्ट आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं टेप गुंडाळण्यात आणि चहा सांगण्यात गेली, नंतर कन्सोलवर, म्हणजे आवाज मिसळायच्या टेबलावर, बसलो. कंट्री संगीत त्याच काळात कानावर पडलं आणि चिकटलं. त्यामुळे उत्तर लांबेल, आधीच सांगतो.

विलीबद्दल जे चित्र आहे ते असं: लांब केस, वेण्या, डोक्याला रुमाल, कंपनीशी भांडला आणि जिंकला. केस वाढवायला पैसे पडत नाहीत. त्याला जे मिळालं ते कागदावर मिळालं, आणि कागदावर मिळवण्याआधी बारा-तेरा वर्षं तो हरत होता. ती वर्षं समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९६० मध्ये विली टेक्सासमधून नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या राजधानीत, आला. तिथलं काम कसं चालायचं पाहा. तीन तासांचं एक सेशन. आपण ज्याला शिफ्ट म्हणतो तेच, फक्त घड्याळाच्या बाबतीत कडक, कारण मध्ये वादकांची युनियन. तीन तासांत तीन-चार गाणी पूर्ण व्हायची. वादक ठरलेले: ड्रमवर बडी हारमन, बासवर बॉब मूर, पियानोवर फ्लॉइड क्रेमर, गिटारवर ग्रेडी मार्टिन किंवा हँक गार्लंड. मागे कोरस अनिता कर सिंगर्सचा किंवा जॉर्डनेअर्सचा. गायक कोणीही असो, मागचे हात हेच. या मंडळींना 'ए टीम' म्हणत आणि ती खरोखरच 'ए' होती. गाणं एकदा ऐकायचं, कागदावर १, ४, ५ असे आकडे मांडायचे आणि वाजवायला लागायचं. आकडा म्हणजे पट्टीतला कितवा कॉर्ड. गायिका म्हणाली की एक सूर खाली घ्या, तर कागद तसाच राहतो, हात सरकतात. आपला पेटीवाला 'काळी चार ऐवजी पांढरी चार' ऐकून जे करतो, तेच. मी पहिल्यांदा तो आकड्यांचा कागद पाहिला तेव्हा हसू आलं होतं. सरगम माहीत असलेल्या माणसाला ते शिकायला पाच मिनिटं पुरतात.

ही पद्धत वाईट होती असं मी म्हणणार नाही. विलीचंच 'क्रेझी' हे गाणं पॅट्सी क्लाइन या गायिकेनं १९६१ मध्ये गायलं ते याच पद्धतीत, ओवेन ब्रॅडली या निर्मात्याच्या क्वॉन्सेट हट स्टुडिओत. पॅट्सी तेव्हा मोटार अपघातातून नुकती उठली होती, बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात. ब्रॅडलीनं वादकांचा ट्रॅक करून ठेवला आणि तिचा आवाज नंतर वेगळा घेतला. आज प्रत्येक गाणं असंच होतं. तेव्हा सगळे एकत्र वाजवत-गात असत, म्हणून हा निर्णय मोठा होता. क्रेमरचा तो पियानो ऐका, गाण्याला कुठेही धक्का न लावता तो सतत आजूबाजूला फिरतो. निर्माता आणि वादक यांना गाणं कळलं की यंत्रणासुद्धा असं काम करते.

अडचण विली स्वतः गायला उभा राहिला की यायची. तो ठेक्यावर गात नाही. ओळ उशिरा उचलतो, मध्येच पुढे पळतो, आणि समेवर मात्र बरोबर येतो. ठुमरी किंवा गझल ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण तीन तासांत चार गाणी काढायची आहेत, कोरसला त्याच्या शब्दांवर 'ऊऽ' धरायचा आहे, वर व्हायोलिनं चढवायची आहेत, अशा वेळी गायक कुठे येईल हे माहीत नसेल तर सगळं कोलमडतं. मग काय करतात? गायकाला चौकटीत बसवतात. आरसीए या रेकॉर्ड कंपनीत तो साधारण सात वर्षं होता, चेट अॅटकिन्ससारख्या जाणत्या निर्मात्याच्या हाताखाली, आणि डझनाहून जास्त अल्बम झाले. एकही नीट चालला नाही. त्याच काळाच्या आसपास त्यानं गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकासाठी केलेले कच्चे डेमो पुढे बाहेर आले. ते आणि आरसीएचे अल्बम लागोपाठ ऐका. डेमोत माणूस आहे. अल्बममध्ये तोच माणूस उसन्या कोटात उभा आहे.

आता पैशाकडे येतो. नवी मुलं हा भाग गाळून पुढे जातात.

विलीनं उपाशीपणाच्या दिवसांत 'फॅमिली बायबल' हे गाणं ५० डॉलरला विकलं आणि 'नाइट लाइफ' १५० डॉलरला. विकलं म्हणजे हक्कासकट. पहिलं १९६० मध्ये क्लॉड ग्रेच्या आवाजात गाजलं, तेव्हा त्यावर विलीचं नावसुद्धा नव्हतं. १९६१ मध्ये 'हॅलो वॉल्स' विकायला तो फॅरन यंग या गायकाकडे गेला, ५०० डॉलर मागितले. यंगनं विकत घ्यायला नकार दिला आणि तेवढेच पैसे उसने दिले. गाणं नऊ आठवडे कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं राहिलं आणि त्याची रॉयल्टी विलीच्या खिशात आली. त्याआधी पॅम्पर म्युझिक या प्रकाशन कंपनीत त्याला आठवड्याला ५० डॉलरवर गीतकार म्हणून घेतलं, तेसुद्धा हँक कॉक्रन या मित्रानं स्वतःची पगारवाढ सोडली म्हणून. अशी माणसं भेटणं हा नशिबाचा भाग. पण गाण्यांची रॉयल्टी येत राहिली म्हणूनच, स्वतःचे अल्बम आपटत असताना तो टिकला. गायक म्हणून पडलेला माणूस गीतकार म्हणून उभा होता.

कंट्री गायिका डॉली पार्टनचं उदाहरण याच जातीचं. तिचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' १९७४ मध्ये एल्विस प्रेस्ली गाणार होता. त्याच्या मॅनेजरनं प्रकाशनाचा अर्धा हक्क मागितला आणि तिनं नाही म्हटलं. सांगते की रात्रभर रडले. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते गायलं, आणि पुढचा हिशेब सांगायला नको.

१९७० च्या डिसेंबरमध्ये विलीचं नॅशव्हिलजवळचं घर जळालं. आगीतून त्यानं गिटार बाहेर काढली. ही गिटार म्हणजे मार्टिन कंपनीची एन-२०, नायलॉनच्या तारांची. आधीच्या गिटारवर एका दारुड्याचा पाय पडला आणि ती मोडली, तेव्हा १९६९ मध्ये त्यानं ही ७५० डॉलरला न पाहताच घेतली. तिचं नाव ट्रिगर. कंट्रीत बहुतेक जण लोखंडी तारांवर वाजवतात. नायलॉनची गिटार बोटांनी वाजवायची असते, म्हणून तिच्या अंगावर ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी नसते. विली ती पिकनं, म्हणजे बोटांत धरायच्या चकतीनं, वाजवतो, त्यामुळे लाकूड घासत घासत तिला मोठं भोक पडलं आहे. रेकॉर्डिस्टच्या कानाला ती गिटार विचित्र लागते: आत तारांचा आवाज पकडणारा पिकअप आहे, सूर थोडा नाकातून येतो, पण तो दुसऱ्या कुणाच्याच गिटारचा वाटत नाही. असा आवाज हाताशी असला की मागे व्हायोलिनं कशाला हवीत?

१९७२ मध्ये तो टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहायला गेला. टेक्सासच्या डान्स हॉलमध्ये आणि आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स या जुन्या शस्त्रागारातल्या हॉलमध्ये त्याला ऐकायला शेतकरीही यायचे आणि केस वाढवलेली कॉलेजची पोरंही. तिकिटाचे पैसे रोज रात्री हातात. कंपनीनं उद्या काढून टाकलं तरी शनिवारचा कार्यक्रम होणार, हे माहीत असलेला माणूस वाटाघाटीच्या टेबलावर वेगळा बसतो.

पुढे अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या जेरी वेक्सलरनं त्याला त्याचीच मंडळी घेऊन न्यूयॉर्कला बोलावलं. १९७३ चा 'शॉटगन विली' असा झाला. पुढच्या वर्षी 'फेझेस अँड स्टेजेस', घटस्फोटाची गोष्ट, रेकॉर्डच्या एका बाजूला बायकोच्या तोंडून आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्याच्या. मग अटलांटिकनं आपला कंट्री विभागच बंद केला.

वेलन जेनिंग्ज या दुसऱ्या कंट्री गायकाचा किस्सा इथेच सांगतो, कारण मोकळीक नेमकी कोणत्या खिळ्याला अडकलेली असते ते त्यात दिसतं. तोही आरसीएतच. कंपनीचा आपल्या इंजिनिअरांच्या युनियनशी करार होता: आरसीएच्या कलाकारानं आरसीएच्याच स्टुडिओत, आरसीएच्याच इंजिनिअरकडून रेकॉर्डिंग करायचं. म्हणजे वेलननं मनात कितीही बंड केलं तरी खोली, माइक आणि कन्सोलवरचा हात कंपनीचा. त्याला रस्त्यावर रोज बरोबर वाजवणारी आपली माणसं हवी होती, रिची ऑल्ब्राइटचा ड्रम हवा होता. १९७२ मध्ये नील रेशन या न्यूयॉर्कच्या मॅनेजरनं करार नव्यानं घासला. वेलननं स्वतःच सांगितलं आहे की वाटाघाटीत सगळे गप्प बसले असताना तो उठून बाहेर गेला, कंपनीवाल्यांना वाटलं हा निघून चालला, आणि रक्कम २५,००० डॉलरनं वाढली. तो लघवीला गेला होता. पुढे टॉमपॉल ग्लेझरच्या स्टुडिओत त्यानं 'धिस टाइम' केलं आणि १९७४ मध्ये ते त्याचं पहिलं पहिल्या क्रमांकाचं गाणं ठरलं. १९७७ मध्ये आरसीएनं नॅशव्हिलचा आपला स्टुडिओ बी बंद केला.

याच रेशननं विलीसाठी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी बोलणी केली. कराराचा गाभा एवढाच होता की अल्बममध्ये काय असेल ते विली ठरवेल आणि तो देईल ते कंपनी बाजारात आणेल.

१९७५ च्या जानेवारीत टेक्सासमधल्या गार्लंड गावात, ऑटम साउंड नावाच्या नव्या स्टुडिओत, फिल यॉर्क या इंजिनिअरबरोबर 'रेड हेडेड स्ट्रेंजर' झाला. मूळ धागा एका जुन्या गाण्याचा, जे विली पूर्वी रेडिओवर लहान मुलांसाठी वाजवायचा. त्यातून त्यानं बायकोला मारून परागंदा झालेल्या एका पाद्र्याची गोष्ट गुंफली. पियानोवर सख्खी बहीण बॉबी, माउथऑर्गनवर मिकी राफेल, ड्रमवर पॉल इंग्लिश, बासवर बी स्पीअर्स. सगळी रोजची माणसं. काम काही दिवसांत आटोपलं, खर्च सुमारे ४,००० डॉलर. स्टुडिओ महिनोन्‌महिने अडवून ठेवणाऱ्या रॉक बँडांच्या त्या काळात ही रक्कम चहापाण्याची.

'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' लावा, हेडफोन घालून. गाणं फ्रेड रोझचं, १९४० च्या दशकातलं, म्हणजे विलीचं नाहीच. गिटारचे साधे झणकार, खाली बास, आणि आवाज अगदी तोंडाजवळ. ओळ संपते आणि काहीच होत नाही. तिथे दुसरा कुणीही निर्माता काहीतरी भरेल. मीसुद्धा भरलं असतं, खोटं कशाला बोलू. माझा हात आपोआप फेडरकडे, म्हणजे आवाज वर-खाली करायच्या सरकपट्टीकडे, गेला असता. मध्ये ट्रिगर एकदा चाल वाजवते, फारशा करामती न करता, आणि सव्वादोन मिनिटांच्या आसपास गाणं मिटतं.

कंपनीतल्या लोकांना वाटलं हा डेमो आहे, खरा अल्बम यायचा आहे. कोलंबियाच्या ब्रूस लुंडवालनं सुचवलं की टेप नॅशव्हिलला बिली शेरिल या निर्मात्याकडे पाठवू, तो वर व्हायोलिनं चढवील. रेशनबरोबर आलेला वेलन तिथेच उखडला आणि लुंडवालच्या कानांचा उद्धार करून मोकळा झाला. पण गोष्ट वेलनच्या शिव्यांनी मिटली असं मला वाटत नाही. शिव्या स्टुडिओत रोज पडतात. करारात कलम होतं, म्हणून टेप जशी होती तशी गेली. गाणं कंट्री यादीत पहिलं आलं. बेचाळीस वर्षांच्या विलीचं गायक म्हणून पहिलंच. तीन वर्षांनी जुनी पॉप गाणी घेऊन 'स्टारडस्ट' केला तेव्हाही कंपनीनं नाक मुरडलं; तो बुकर टी. जोन्सनं केलेला अल्बम कंट्री यादीत दहा वर्षं राहिला.

या मोकळिकीच्या कडाही बघा. १९७६ मध्ये आरसीएनं 'वॉन्टेड! द आउटलॉज' नावाचा संग्रह काढला. वेलन, विली, जेसी कोल्टर, टॉमपॉल ग्लेझर. अमेरिकेत प्लॅटिनम मिळालेला तो पहिला कंट्री अल्बम. विली तेव्हा कोलंबियात होता, तरी त्यात त्याची १९७१ ची रेकॉर्डिंग आली, कारण त्या टेप आरसीएच्या. ज्यांनी त्याला कोटात कोंबलं त्यांनीच 'बंडखोर' असा शिक्का मारून त्या टेप पुन्हा विकल्या. तेव्हा स्टुडिओतला निर्णय एक गोष्ट, मास्टरची, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची, मालकी दुसरी, गाण्याचा हक्क तिसरी. तुम्ही तिन्हींना मिळून 'मोकळीक' म्हणता, कंपनीचा वकील म्हणत नाही. टेलर स्विफ्टचं २०१९ मध्ये हेच झालं: पहिल्या सहा अल्बमचे मास्टर तिच्या जुन्या कंपनीबरोबर विकले गेले. गाणी तिनं लिहिलेली होती आणि पुन्हा रेकॉर्ड करण्यावरची बंदी मुदतीची होती, म्हणून २०२१ पासून तिनं तीच गाणी नव्यानं गाऊन काढली. २०२५ मध्ये जुने मास्टरही विकत घेतले. तेवढे पैसे तुमच्या-माझ्याकडे नाहीत, पण मुदतीचं कलम सगळ्यांच्या करारात असू शकतं.

आणि मोकळीक मिळाली की काम लवकर होतं, हाही भ्रम. लुसिंडा विल्यम्स या गायिकेचा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' १९९८ मध्ये आला, आधीच्या अल्बमनंतर सहा वर्षांनी. ऑस्टिनला केला, पटला नाही. नॅशव्हिलला स्टीव्ह अर्लबरोबर पुन्हा केला. शेवट लॉस एंजेलिसला. वर्षानुवर्षांचा साथीदार गर्फ मॉर्लिक्स त्यात दुरावला. अल्बम अप्रतिम आहे. पण कन्सोलवर बसणारा माणूस म्हणून सांगतो, तसा प्रकल्प वाट्याला आला तर घरी बायको आधी विचारते, पैसे आगाऊ घेतले का?

आता तुमच्या चार गाण्यांबद्दल. 'पूर्ण मोकळीक' हे शब्द करारात घालून घेऊ नका, त्याला काही अर्थ उरत नाही. विली आणि वेलन ज्यासाठी भांडले ते मागा: कुठे रेकॉर्ड करणार, कन्सोलवर कोण, वादक कोण निवडणार, आणि सगळ्यात आधी, अंतिम मिक्सवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून तयार झालेल्या शेवटच्या रूपावर, लेखी होकार कुणाचा. एकच मिळणार असेल तर मिक्सचा होकार घ्या. वादक कंपनीचे असले तरी चालतील, चांगला वादक तुमचं ऐकतो. दुसरं, गाण्याचे हक्क एकरकमी देऊन टाकू नका. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारानंही सोडता येत नाही. तरी 'सर्व हक्क कायमचे' असं छापलेले कागद अजून येतात. वकिलाला दाखवा, दोन-चार हजार जातील. आणि आठवड्याला एक तरी कार्यक्रम चालू ठेवा, छोटा असला तरी. नाही म्हणायची ताकद तिथून येते.

एक माझ्यासमोर घडलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आमच्याकडे आली होती. गिटार आणि आवाज, बस्स. आम्ही पहिल्या अंतऱ्याआधी चार मात्रा मोकळ्या सोडल्या होत्या, तिनं श्वास घेतलेला ऐकू यायचा. तिलाही आवडलं, मलाही. फाइली कंपनीकडे गेल्या. दीड महिन्यानं गाणं बाहेर आलं तर त्या चार मात्रांत बासरी, खाली कीबोर्डचा लांब धरलेला सूर, आणि श्वास साफ कापलेला. ती मला फोन करून म्हणाली, दादा, आपलं मिक्स तुमच्याकडे आहे ना? नव्हतं. ड्राइव्ह कंपनीची होती, काम संपल्यावर परत गेली, आणि मी प्रत ठेवली नव्हती. तिच्याकडे करारात काही नव्हतं आणि हातात ऐकवायला पुरावाही नव्हता.

म्हणून करार व्हायचा तेव्हा होऊ दे. पहिल्या दिवशी स्टुडिओतून निघताना रेकॉर्डिस्टकडून रफ मिक्स मागून घ्या. साधी डब्ल्यूएव्ही फाइल, नावात तारीख घातलेली. मागायला लाजू नका, आम्हाला दोन मिनिटं लागतात.